आधी कूलरची खिडकी पाहा

मा. संपादक, स. न. वि. वि.

घरफोडीची बातमी आली की ग्वाल्हेरीत लगेच बंदुकीच्या परवान्याचा विषय निघतो. त्याआधी निजायच्या खोलीतली कूलरची खिडकी पाहावी, ही कळकळीची विनंती.

कूलरसाठी गज कापतात आणि ती जागा तशीच राहते. बाहेरच्या स्टँडवरचा कूलर बाजूला ओढला की माणूस सहज आत शिरतो, आणि कूलरच्या घरघरीत पावले ऐकू येत नाहीत. तिथे 12 मिलिमीटरच्या चौकोनी सळ्या चार-चार इंचांवर वेल्ड करून त्यांची टोके भिंतीत सिमेंटने पक्की करावीत. वारा अडत नाही. लाकडी चौकटीवर बाहेरून स्क्रूने बसवलेली ग्रिल मात्र फसवी, ती पेचकसाने निघते. एका खिडकीची ग्रिल आतून उघडणारी हवीच, नाहीतर आग लागल्यावर आपणच कोंडले जाऊ. किल्ली बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला, पण घरातल्या सर्वांना ठाऊक असावी.

लाथेने बहुधा दार तुटत नाही, कडीचा कोयंडा उपटतो, कारण त्याचे स्क्रू जेमतेम अर्धा इंच आत असतात. चौकटीच्या बाजूला तीन इंची घाला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत भिंतीत सरकणारा अडसर असेल तर तो कृपया काढू नका.

उशाशी भरलेली बंदूक चोराआधी घरातल्या मुलाच्या हाती लागते. जुन्या हॅमरलेस, म्हणजे घोडा बाहेर न दिसणाऱ्या, दुनाळीची सेफ्टी बहुधा फक्त चाप अडवते, आतला घोडा ताणलेलाच राहतो. झिजलेली बंदूक पडली तर बार उडू शकतो. अंधारातली आकृती पाण्यासाठी उठलेल्या आईची असू शकते, आणि छर्रे प्लायवूडच्या दाराने थांबत नाहीत. निवडणूक लागली की हत्यार बहुधा ठाण्यात जमा होते, ते वेगळेच. रात्रीच्या घरफोडीत मालमत्तेच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 43 प्रमाणे चोर घरात आहे तोवरच टिकतो. गल्लीत पळणाऱ्यावर गोळी झाडणारा स्वतः आरोपी होऊ शकतो.

हत्यार असेलच तर ते रिकामे करून, दोन्ही नळ्या डोळ्यांनी तपासून, भिंतीला बोल्ट केलेल्या लोखंडी कपाटात ठेवावे. काडतुसे वेगळ्या कुलपात. घरात कुणी मनाने खचलेले असेल, तर हत्यार परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. यात एक दिवसही दवडू नका.

रात्री चाहूल लागली तर सगळ्यांनी एकाच खोलीत येऊन आतून कडी लावावी आणि 112 वर फोन करावा. त्यासाठी मोबाइल दिवाणखान्यात नव्हे, निजायच्या खोलीतच चार्जिंगला लावावा.

आपला,
एक वाचक, जीवाजीगंज, लष्कर, ग्वाल्हेर