मलाखीचं पाचवं वचन वाचायला लावल्याबद्दल

आदरणीय पाळकसाहेब,
प्रभूच्या नावाने सलाम.

पाहुणा प्रचारक इंदूरच्या तीन दिवसांच्या सभेत 'बीज पेरा', म्हणजे आधी पैसे द्या, देव अनेकपटीने परत देईल, असं म्हणत मंडळीतल्या विधवा काकूंची साठवण घेऊन गेला. तक्रार नेली तेव्हा जबाबदार माणसांनी 'अभिषिक्तांविरुद्ध, म्हणजे देवाने निवडलेल्यांविरुद्ध, बोलू नये' म्हणून हात झटकले. त्याला स्टेजवर हार घालायला मात्र हेच पुढे होते!

तुम्ही प्रवचन झोडलं नाहीत. स्वतःचा वाचायचा चष्मा पुसून काकूंच्या हातात दिलात. "त्यांनी बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन वाचलं ना, दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा आणा म्हणणारं? तुम्ही पाचवं वाचा." मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवा-पोरक्यांना नाडणाऱ्यांवर देव स्वतः साक्षीदार होऊन येतो, असं तिथे आहे. मग बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा 14वा अध्याय काढून दिलात: दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी (मंदिराची सेवा करणारे), परके, पोरके आणि विधवा यांनी तो पोटभर खायचा. काकू वाचून थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे त्यानेच मला द्यायचं होतं की!" कित्येक दिवसांनी हसल्या हो.

तुम्ही सांगितलेलं 'दिदाखे' आता सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या जुन्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेत सरळच म्हटलंय: फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी, पैसे मागितले तरी खोटा. आमच्या पाहुण्याने तिसऱ्या दिवशीही बादली फिरवली होती.

क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे पाठवण्याआधी नाव दिसतं. संस्थेऐवजी माणसाचं नाव आलं तर फोन खिशात, हे आता ठरलंय. दान मोजायला दोन वेगळ्या घरांतली माणसं, उपासना संपताच, तिथल्या तिथे. आकडा वहीत, खाली दोघांच्या सह्या. पिशवी कुणाच्या घरी गेली की दुसऱ्या दिवशी आकडा हमखास गोल होतो. कुणी बोट दाखवू नये म्हणून पौलानेही यरुशलेमच्या गरिबांचं दान गोळा करायला आपला सहकारी तीत याला एकट्याला धाडलं नाही (बायबल, 2 करिंथ 8).

बायबलमध्ये नामान हा सेनापती कोडातून बरा झाला तेव्हा अलीशा संदेष्ट्याने काही घेतलं नाही. चांदी आणि कपड्यांसाठी मागे धावला तो त्याचा नोकर गेहजी. सरळ माणसं आजही आहेत, फक्त त्यांची पोस्टरं लागत नाहीत. तुम्ही तर रिक्षाभाडंही घेतलं नाहीत. ते काकूंनी बाजूला ठेवलंय. पुढच्या वेळी आलात की घ्यावंच लागेल.

आपले,
मंडळीतले काही जण, इंदूर