पहिला भाग घरी, दुसरा रद्दीत: ग्रंथालयांच्या मंत्र्यांना सोलापुरातून खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
ज्यांच्याकडे राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचं खातं आहे,
मुंबई.

स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागातून हे पत्र लिहितोय. यंत्रमागावर 38 वर्षं काढली, त्यातली शेवटची वीस जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, म्हणून. आता वय 64. आजवर सरकारला पत्र लिहिलं ते रेशन कार्डावरचं नाव दुरुस्त करून घ्यायला, तेवढंच. आपल्याला कामं पुष्कळ असतील, तरी पाच मिनिटं काढून हे वाचावं, ही नम्र विनंती.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी आमच्या पेठेतल्या वाचनालयात गेलो. बायको एक जुनी कादंबरी वाचतेय, दोन भागांची. पहिल्या भागाची चाळीसेक पानं राहिली होती. "दुसरा आधीच आणून ठेवा, कुणी नेला तर बसावं लागेल वाट बघत," म्हणाली. आत पाऊल टाकलं आणि थांबलोच. कपाटं नव्हती. जिथं कपाटं होती तिथला भिंतीचा रंग तेवढा नवा दिसत होता, फरशीवर त्यांच्या पायांचे गंजलेले डाग. टेबलावर आठ ई-रीडर, म्हणजे पडद्यावर पुस्तक वाचायची यंत्रं, वायरी गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले. ग्रंथपाल बाई मला बघून खुर्चीतून उठल्या. "काका, निर्लेखन झालं. मंगळवारी टेम्पो आला होता."

निर्लेखन म्हणजे दाखल नोंदवहीतून पुस्तकाचं नाव खोडायचं. फाटलेलं, वाळवी लागलेलं पुस्तक खोडतात, हे मला माहीत आहे. पण धडधाकट पुस्तकं? नऊशे होती की अकराशे, हेही मला कुणी नीट सांगू शकलं नाही. किलोवर गेली, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

याच वाचनालयात दोन वर्षांपूर्वी 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, हे ई-रीडर वाटण्याचा कार्यक्रम झाला होता. हार, शाल, नारळ सगळं झालं. व्यासपीठावरचे साहेब माइकवरून म्हणाले की ही यंत्रं पुस्तकांच्या जोडीला आहेत, इथलं एकही पुस्तक हलणार नाही. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. टाळ्या मीही वाजवल्या. त्या टाळ्या आता हाताला चटके देतात, साहेब.

शुक्रवारी सकाळी मी सायकल काढली आणि रद्दीवाले फिरलो. भवानी पेठ, साखर पेठ, जोडभावी पेठ, ऊन चढेपर्यंत. एका दुकानात आमच्या वाचनालयाच्या शिक्क्याची पुस्तकं सापडली. सुतळीनं बांधलेले गठ्ठे, मोडक्या कुलरच्या शेजारी. मालकाने चांगुलपणाने सोडून बघू दिलं. दोन तास मातीत बसून एकेक गठ्ठा बघितला. दुसरा भाग मिळाला नाही. "काल एक गाडी पुढं गेली," तो म्हणाला. पुढं म्हणजे कागद कारखान्यात, लगद्याला.

आता आपल्याला वाटेल की म्हातारा माणूस आहे, नवीन काही नको असणार. तसं नाही. माझ्याकडे स्वतःचा ई-रीडर आहे. लेक पुण्याला नोकरी करते, हुतात्मा एक्स्प्रेसने ये-जा करताना तिला तो फार उपयोगी पडतो म्हणून तिने मलाही घेऊन दिला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी सहा महिने मी त्याच्यावरच वाचलं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, हे माझ्यासारख्याला केवढं वरदान आहे, ते ज्याच्या डोळ्यांपुढे अक्षरं पसरतात त्यालाच कळेल. वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. उताणं पडून वाचलं तरी हात दुखत नाही. अंगणात भर उन्हात वाचता येतं, मोबाइलसारखी काच चमकत नाही. यंत्राचा माणूस म्हणून मी लेकीला विचारून त्याची रचना समजून घेतली. पडद्यात केसाएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या भारावर काळे वर आले की अक्षर दिसतं. एकदा कण जागेवर बसले की पान धरून ठेवायला वीज लागत नाही, फक्त पान बदलताना लागते. म्हणून चार्जिंग आठवडे टिकतं. बनवणाऱ्याच्या डोक्याला माझा नमस्कार.

पण रोजचं वाचन म्हणजे काय, ते आमच्या घरी येऊन बघा. बायको 40 वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. दुपारी शेजारच्या तिघी येऊन बसतात. चौघींचे हात चालू आणि एकजण आळीपाळीने मोठ्याने वाचते. आमच्याकडे घरात तेलुगू, शेजारी कन्नड, आणि मराठी आम्ही सगळे या वाचनालयाच्या पुस्तकांवर पक्की केली. ते पुस्तक चार घरांत फिरतं. कुणी डब्याच्या झाकणाखाली ठेवतं, कुणी उशाशी. पानांच्या शिवणीत तंबाखूची भुकटी बसते. वाचणारणीने बोटाला भुकटी असतानाच पान उलटलं तरी पुस्तकाचं काही बिघडत नाही. दहा-बारा हजारांच्या यंत्राला असा हात लावायला आमच्या बायका धजतील का? आणि पडून काच गेली तर भरपाई कुणी द्यायची? वाचनालयाने ई-रीडर घरी न्यायला अनामत किती ठेवली होती, तर दोन हजार. दोन वर्षांत आठांपैकी एकही यंत्र घरी गेलं नाही.

आत काय होतं, तेही ऐका. आठही यंत्रांत तीच एकशेवीस पुस्तकं, त्यातली निम्मी इंग्रजी. नवीन घालायचं तर पासवर्ड हवा, आणि पासवर्ड ज्या माणसाकडे होता त्याचं कंत्राट संपलं. बऱ्याच मराठी फाइली म्हणजे पानांचे नुसते फोटो. त्यांत अक्षर मोठं होत नाही, सगळं पान मोठं होतं, मग एक ओळ वाचायला डावीकडून उजवीकडे सरकवत राहायचं. म्हणजे या यंत्राचा जो सगळ्यात मोठा फायदा, तोच इथे मिळत नाही. किंडल, म्हणजे अमेझॉन कंपनीचं ई-रीडर, अमेरिकेत 2007 साली आलं, त्यावर मराठी पुस्तकं रीतसर यायला 2016 चा डिसेंबर उजाडला. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, ते फार चांगलं काम आहे. पण बायकोची ती कादंबरी? लेकीने सगळीकडे शोधलं. ई-पुस्तक नाही. नवी आवृत्तीही नाही. जी एक प्रत आमच्या आवाक्यात होती, ती आपल्या यंत्रणेने किलोवर घातली.

मला माझ्या कारखान्यातली गोष्ट सांगायची आहे, कारण तीच मला राहून राहून आठवते. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, निघते. जुन्या जकार्डला भोकं पाडलेले पुठ्ठे लागत, दोऱ्याने ओवून माळ केलेली. भोक असेल तिथे सुई आत जाते, नसेल तिथे अडते, आणि तसा धागा उचलला जातो. पुढे मालकाने इलेक्ट्रॉनिक जकार्ड आणलं. नक्षी कॉम्प्युटरवर. आम्ही घाबरलो होतो, पण मालक समजूतदार. त्याने दीड वर्ष दोन्ही माग शेजारी शेजारी चालवले. एकेक नक्षी कॉम्प्युटरवर चढवली, त्यावर चादर विणून बघितली, जुन्या चादरीवर ठेवून फूल न् फूल ताडून पाहिलं. मगच त्या नक्षीचे पुठ्ठे बाजूला काढले. ज्या नक्ष्या चढल्या नाहीत त्यांचे पुठ्ठे त्याने माळ्यावर जपून ठेवले. सातवी शिकलेल्या कारखानदाराला जे कळलं, ते मंत्रालयात कुणालाच कळू नये? तुम्ही आधी पुठ्ठे फेकले. नक्षी चढलीय का, हे कुणी बघितलंच नाही.

वाचल्यावर डोक्यात काय राहतं, याचाही अभ्यास जगात झालेला आहे. 2018 साली एक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात 54 अभ्यासांतल्या एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचकांची माहिती एकत्र केली होती. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा चांगला समजला. गोष्टीत तसा फरक दिसला नाही, हेही खरं, ते मी लपवत नाही. नॉर्वे आणि फ्रान्समधल्या संशोधकांच्या चमूने 50 जणांना 28 पानांची एकच रहस्यकथा वाचायला दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. बऱ्याच प्रश्नांत दोन्ही गट सारखे, पण कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे सांगण्यात किंडलवाले मागे पडले. बायको नेहमी म्हणते, "ते उजव्या पानावर खाली होतं," आणि बरोबर काढून दाखवते. ई-रीडरला उजवं पान नसतं. स्वीडनने शाळांत टॅब-कॉम्प्युटरचे पडदे आणले, आणि 2023 मध्ये मागे वळून छापील पाठ्यपुस्तकांसाठी त्या एका वर्षात साडेअडुसष्ट कोटी क्रोनर बाजूला काढले. श्रीमंत देशाला चूक कबूल करायची लाज वाटली नाही.

आणि मालकी कुणाची? ई-पुस्तक विकत घेतलं म्हणतात, पण हाती येतो तो वाचायचा परवाना. 2009 साली अमेझॉनने अमेरिकेत पैसे देऊन घेतलेली पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतली होती, नंतर माफी मागितली. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांची विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली, पैसे परत मिळाले, पुस्तक नाही. छापील पुस्तक मी शेजारणीला देतो, ती नणंदेला देते, त्याला कुणाचा पासवर्ड लागत नाही. महाबळेश्वरजवळच्या भिलारला 2017 साली शासनाने पुस्तकांचं गाव उभं केलं, तिथे घराघरात छापील पुस्तकं ठेवली, पर्यटकांनी हातात घेऊन वाचावीत म्हणून. मग विडी कामगारांच्या वस्तीतल्या बाईच्या हाताला पुस्तक का नको?

रागाने लिहितोय, हे मला समजतंय. पण या शहराकडून एकेक वस्तू अशीच गेली. गिरण्यांचे भोंगे गेले. पोरं पुण्याला गेली, माझी लेकही गेली. उजनीचं धरण जिल्ह्यात असून आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. प्रत्येक वेळी कार्यक्रम झाला, प्रत्येक वेळी माइकवरून सांगितलं की काही हलणार नाही. ग्रंथालयांचा कायदा 1967 चा आहे. राज्यात हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, अ, ब, क, ड अशी प्रतवारी आहे, तपासणी आहे, वार्षिक अहवाल आहे. इतक्या कागदांत एक रकाना असा नाही की जिथे वाचकाला विचारलं, तुझं हे पुस्तक काढू का? आमच्या ग्रंथपाल बाईंना महिन्याला मिळतं तेवढं चांगला विणकर पंधरवड्यात कमावतो. त्यांनी सही केली नसती तर अनुदान अडलं असतं, असं त्यांना वाटलं. मी त्यांना दोष देत नाही. त्या टेम्पो भरताना रडत होत्या, असं समोरच्या चहावाल्याने सांगितलं.

वाचनालयाच्या भिंतीवर ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे ग्रंथालयाचे पाच नियम चौकटीत लावलेले आहेत, 1931 सालचे. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. चौकट अजून तिथेच आहे, बाकी भिंत रिकामी.

माझं मागणं फार नाही. ई-रीडर ठेवा, त्यांचा पासवर्ड ग्रंथपालांच्या हाती द्या, अनामत दोनशे करा आणि अधू नजरेच्या वाचकांना ते आधी मिळू द्या. ज्या पुस्तकाची नवी आवृत्ती नाही, ई-प्रत नाही, ते धडधाकट असताना खोडायला बंदी घाला. खोडायच्या पुस्तकांची यादी महिनाभर आधी दारावर लावा, आम्ही वाचून सांगू. आणि आमची कपाटं कुठे आहेत, तेवढं तरी कळवा.

बायकोने पहिला भाग परवा रात्री संपवला. तेव्हापासून तो टीव्हीच्या वर ठेवलेला आहे. मागच्या चिठ्ठीवर परत करायची तारीख उद्याची आहे. आजवर एकदाही उशिराचा दंड भरलेला नाही. उद्या नेऊन दिला तर तोही टेम्पोत जाईल, म्हणून या वेळी मी पुस्तक परत करणार नाही. दंड काय होईल तो कळवावा, मी भरीन.

आपला,
पूर्व भागातला एक वाचक,
सोलापूर