सुरक्षिततेला अर्धी ओळ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अर्थव्यवस्थांच्या प्रकारांवरचा लेख दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा संताप आला. भांडवलशाही म्हणजे अमेरिका, समाजवाद म्हणजे रशिया, मिश्र म्हणजे आपण. तीन कप्पे केले की लेखक मोकळे! पुढे उद्दिष्टे. वाढ, कार्यक्षमता, स्वातंत्र्य यांना भरपूर जागा आणि आर्थिक सुरक्षिततेला अर्धी ओळ, तीही 'तिजोरीवरचा भार' म्हणून.

मी बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका खासगी कारखान्यात लेथवर उमेदीची सगळी वर्षे काढली. कारखाना बंद पडला. खासगी कामगारांसाठीच्या 1995 च्या पेन्शन योजनेत पगार कितीही असला तरी हिशेब ठरलेल्या मर्यादेपर्यंतच होतो. आमच्या वेळी ती 6,500 रुपये होती. म्हणून माझ्या हाती महिन्याला दोन हजारही पडत नाहीत. पेन्शन सुरू झाल्यापासून त्यात एका रुपयाची वाढ नाही, कारण तिला महागाई भत्ताच नाही. किमान पेन्शन सप्टेंबर 2014 मध्ये 1,000 रुपये केली, ती तिथेच अडली आहे. आमच्याच वाड्यातले केंद्र सरकारातून निवृत्त झालेले गृहस्थ वर्षातून दोनदा भत्त्याची वाट पाहतात. त्यांना जरूर मिळावा. पण भाजीवाली आम्हा दोघांना एकच भाव सांगते.

एवढ्या पेन्शनसाठीही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. लेथवर घासून माझ्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत, मशीन अंगठा घेत नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काका, पुसून परत दाबा." मागे रांग खोळंबते, लोक चुळबुळतात आणि मी समोर उभा असूनही हयात ठरत नाही. हा अपमान लेखकांच्या कुठल्या कप्प्यात बसतो?

ज्या अमेरिकेला ते निव्वळ बाजाराचा देश म्हणतात, तिथे म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा 1935 मध्ये झाला आणि 1975 पासून ती महागाईप्रमाणे आपोआप वाढते. मिश्र म्हणवणाऱ्या आपल्या देशात खासगी कारखान्यातल्या कामगाराला तेवढेही नाही. मग नावावरून व्यवस्था कशी ओळखायची?

बडोदेकरांना तर हे कप्पे कधीच पटणार नाहीत. सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण केले आणि दोनच वर्षांनी व्यापार-उद्योगासाठी बँकही काढली. बडोद्याजवळची कोयलीची तेल रिफायनरी सरकारने 1965 मध्ये सोव्हिएत मदतीने उभारली. आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी 1969 मध्ये सरकारने काढली आणि 2002 मध्ये खासगी हाती दिली. या शहरात सरकार आणि बाजार नेहमी शेजारी शेजारीच नांदले. माणसाला काय मिळाले, हे विचारायचे सोडून लेखक पाट्या वाचत बसले.

आणखी एक. लेखासोबतच्या तक्त्याचा शेवटचा रकाना फ्लॅटच्या जाहिरातीखाली गेला होता. पैसे मोजून अंक घेणाऱ्याला निदान पूर्ण तक्ता तरी द्या.

किमान पेन्शन 7,500 रुपये करून तिला महागाई भत्ता जोडावा, अशी पेन्शनधारकांची जुनी मागणी आहे. त्यावर याच पुरवणीत, याच आकाराचा लेख छापावा. लेखक हेच असले तरी चालतील; फक्त लिहिण्याआधी त्यांनी एकदा दाखल्याच्या रांगेत येऊन उभे राहावे.

आपला,
एक निवृत्त कामगार,
दांडिया बाजार, बडोदे