आजीचे हात

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

महालक्ष्मी एक्सप्रेस वेळेवर पोचली, एवढं फोनवर कळलं. पुढं तू बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. चित्र काढतेस ना?

तू काढलेलं आजीचं चित्र बघून 'ही आजी नव्हे, शिंप्याचं माप आहे' असं मी म्हणायला नको होतं. तू कागद टराटरा फाडलास आणि न जेवताच गाडीला गेलीस. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण माणूस साडेसात डोक्यांइतका उंच काढायचा, हे तुमचं माप आजीला कसं लागायचं गं? पाठीला बाक आलाय, गुडघे गेलेत. तूच सांगितलं होतंस, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत पूर्वी प्लॅस्टरचे पुतळे बघून चित्राचा हात बसवायचे आणि १९१९ साली तिथल्या सॉलोमन साहेबांनी लाइफ-क्लास सुरू केला. म्हणजे जितं माणूस समोर असावं असं त्यांनाही वाटलंच की!

झालं माझं भाषण सुरू. राग मानू नकोस. मी कुठल्या कॉलेजात गेलो? आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर कलाशाळेत गेले नव्हते, हे गल्लीत छाती काढून सांगतो. चित्रकार आबालाल रहिमान जे.जे.त शिकून मग इथं रंकाळ्यावर येऊन बसले, ते मात्र सोयीनं विसरतो. चौकटी आखून थेटरचे बोर्ड रंगवले, चेहरे हुबेहूब यायचे. हात कधी जमले नाहीत. हिरोचे खिशात, हिरॉइनचे पदराआड. बत्तीस वर्षं लपवले, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

लहानपणी तुला खासबागेत नेलं होतं. कुस्ती राहिली बाजूला, तू पैलवानाची पाठच बघत बसलीस. 'बाबा, हात वर केला की पाठीत खड्डा कुठनं येतो?' मी म्हटलं, व्यायामानं. या खेपेला तू खांद्याचं पातं कसं सरकतं ते माझ्याच पाठीवर बोट ठेवून दाखवलंस. तेव्हा काही बोललो नाही. आईला मात्र रात्री सांगितलं.

तुकडे गोळा करून खळीनं चिकटवलेत. सूप धरलेला आजीचा डावा हात, अंगठ्याच्या बुडाची ती गाठ, तंतोतंत आलीय. मला जन्मात जमली नसती. नुसती काढत रहा. थांबली नाहीस ना?

कपाळाचा एक तुकडा सापडत नाही. तुझ्या पिशवीत गेला असेल तर टाकू नकोस.

तुझा,
बाबा