रस्त्याखालचा डक्ट शहराचाच हवा

मा. संपादक,

शहरातील ब्रॉडबँडचे जाळे पालिकेच्या मालकीचे असावे की खासगी कंपन्यांच्या, हा वाद घालताना दोन्ही बाजू जाळे ही एकच वस्तू धरून चालतात. खरे तर त्यात जमिनीखालचा डक्ट (केबल ओवण्यासाठी पुरलेली पोकळ नळी), त्यातली फायबर केबल आणि दोन्ही टोकांची यंत्रे असे तीन वेगळे भाग असतात. यंत्रे काही वर्षांत बदलावी लागतात. केबल मात्र कित्येक दशके टिकते आणि सगळ्यात जास्त पैसा खोदकामात जातो. म्हणूनच एका कंपनीने रस्ता खोदून ग्राहक मिळवले की तोच खर्च पुन्हा करायला दुसरी सहसा पुढे येत नाही. मग दर वाढो की सेवा बंद पडो, नागरिकाला दुसरे दार नसते.

स्टॉकहोमने १९९४ मध्ये स्टोकॅब ही शहराच्या मालकीची कंपनी काढली. ती 'डार्क फायबर', म्हणजे यंत्र न जोडलेली केबल, सर्व कंपन्यांना समान अटींवर भाड्याने देते. त्या केबलवरून सेवा विकण्याची चढाओढ कंपन्यांनी आपसात करायची. मला हीच वाटणी रास्त वाटते.

विरोधक प्रोव्होचा दाखला देतात आणि तो गंभीरपणे घ्यायलाच हवा. अमेरिकेतील या शहराने सुमारे ४ कोटी डॉलर कर्ज काढून जाळे उभारले, पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत आणि २०१३ मध्ये ते गूगलला १ डॉलरला दिले. कर्जाचे हप्ते नागरिकांकडेच राहिले. शहराने घरोघरच्या ग्राहकसंख्येच्या भरवशावर कर्ज काढू नये, असे मला वाटते ते यामुळेच. पण खासगी मालकीत तरी कसली हमी? अमेरिकेतल्याच लुइव्हिल शहरात गूगल फायबर या गूगलच्या ब्रॉडबँड सेवेने अगदी उथळ चरांत केबल टाकल्या, त्या वर येऊ लागल्या आणि २०१९ मध्ये कंपनीने शहरच सोडले. रस्तेदुरुस्तीचे पैसे तिने भरले हे खरे, पण ग्राहकांची जोडणी गेली ती गेलीच.

पाणी वा सांडपाण्याच्या कामासाठी रस्ता उघडला, की त्याच वेळी रिकामा डक्ट टाकून घ्यावा. खर्चात थोडीच भर पडेल. तो शहराच्या नावावर राहावा आणि त्याचे भाडे जाहीर असावे. कुठल्याही सवलतीच्या मोबदल्यात एकाच कंपनीला रस्त्याखालचा एकाधिकार देणारा करार मात्र कोणत्याही पालिकेने करू नये.

– एक वाचक