तळपायावरची टिचकी

पुणे, रविवार रात्र

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, श्वास मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेंदूचं खालचं टोक सांभाळतं, आपोआप चालतो, असं सर म्हणाले. मग मी बाळ असताना श्वास घ्यायला विसरायचे, असं आजी सांगते ते कसं?" मेसच्या गोंगाटात बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

आजी खरं सांगते. तू गर्भाच्या ३० आठवड्यांनीच जन्मलीस, वजन १३०० ग्रॅम. जुलै होता, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली. बाबा मला रोज रिक्षाने लांबचा वळसा घेऊन एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आणायचे.

एके दुपारी मी तुला ठेवलेल्या ऊबदार काचपेटीशी बसले होते. तुझी एवढीशी छाती खालीवर होत होती, ती थांबली. रडणं नाही, धडपड नाही. मॉनिटर वाजायला लागला, ओठांभोवती निळसर दिसू लागलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. सिस्टरांनी पेटीच्या गोल खिडकीतून हात घातला आणि तुझ्या तळपायावर बोटाने टिचकी मारली. तू दचकलीस, श्वास घेतलास. "विसरली होती, आठवण दिली," म्हणाल्या आणि वेळ लिहून ठेवली. २० सेकंद श्वास थांबला की त्याची नोंद करतात. पुढे मी घरी झोपेतसुद्धा वीस मोजायचे.

तुझ्या सरांचं बरोबर आहे, पण ते काम सगळं मस्तिष्कपुच्छ करत नाही. त्यात दोन्ही बाजूंना चेतापेशींचा एक छोटा पुंजका असतो, प्री-बोट्झिंगर कॉम्प्लेक्स. (नाव एका जर्मन वाइनच्या बाटलीवरून आलंय!) श्वास आत घ्यायचा ठेका तिथे धरला जातो आणि मानेतल्या मज्जारज्जूतून श्वासपटलापर्यंत पोहोचतो. १९९१ साली जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात उंदराच्या मेंदूच्या देठाचा पातळ काप द्रावणात ठेवून पाहिला. फुप्फुसं नाहीत, छाती नाही, तरी त्या कापात श्वासाचा ठेका चालूच होता. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं.

तुझा पुंजका होता गं, पण कच्चा. त्याची जोडणी पुरी झाली नव्हती, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला तरी त्याला जोरात जाग येत नव्हती. म्हणून डॉक्टरांनी कॅफिन सुरू केलं. आजी हबकलीच, "तान्ह्या पोरीला कॉफी?" शरीरातलं अॅडिनोसिन श्वासाच्या केंद्राला मंद करतं, कॅफिन त्याला आडवं येतं, हे तिला बाबांनी तीनदा समजावलं. शिवाय रोज तुला माझ्या उघड्या छातीवर बांधून बसवायचे, कांगारूसारखं. तेव्हा अलार्म कमी वाजायचा. ३६ आठवडे भरता भरता टिचक्या थांबल्या.

आणखी एक. परीक्षा जवळ आली की तू उसासे टाकतेस आणि आजी रागावते. तिला सांग, माणूस नकळत दर पाचेक मिनिटांनी एक खोल उसासा घेतोच. मिटलेले वायुकोश त्याने पुन्हा उघडतात. तोही त्याच पुंजक्यातून निघतो.

तुझी तेव्हाची लोकरीची टोपी कपाटात सापडली, माझ्या मुठीवर बसते. दिवाळीला आलीस की दाखवते. लातूरला पाणी उकळूनच पी.

तुझी,
आई