तो बिल्ला पलटणीचा नव्हे, होळकर दरबारचा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आपण एका वाचकाकडील पितळी बिल्ल्याचे छायाचित्र छापून त्यावरचे राजचिन्ह कोणाचे, अशी विचारणा केली होती. इंदूरच्या ज्या दुकानातून तो घेतला, तिथे ‘इंग्रज पलटणीचा’ असे सांगून तो विकल्याचेही त्यांनी लिहिले आहे. माझ्या मते तो होळकर संस्थानाचा आहे, आणि तसे म्हणण्याची कारणे त्या छायाचित्रातच आहेत.

दुकानदाराची चूक का झाली असावी, हे समजण्यासारखे आहे. मध्ये ढाल, तिच्या दोन्ही अंगांना एकेक प्राणी, वर मुकुटासारखे काहीतरी आणि खाली अक्षरांची पट्टी, एवढे दिसले की इंग्लंडच्या राजचिन्हातील सिंह आणि एकशिंगी घोडा चटकन आठवतात. पण त्या एकशिंग्याच्या गळ्यातून साखळी निघते आणि त्याचे खूर शेळीसारखे दुभंगलेले असतात. छायाचित्रातल्या घोड्याला ना शिंग आहे ना साखळी, आणि त्याचा पुढचा खूर अखंड आहे. ज्याला सिंह म्हटले गेले त्याचे तोंड चिंचेने घासघासून सपाट झाले असले, तरी मानेमागचे वशिंड अजून शाबूत आहे. वशिंडाचा सिंह कोणी पाहिला आहे? तो नंदी आहे. घोडा खंडोबाचा आणि नंदी महादेवाचा. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड आणि अहिल्याबाईंचा कारभार ‘श्री शंकर’ आज्ञेने चालणारा, त्यामुळे ही दोन वाहने ढालीपाशी का उभी आहेत हे इंदूरकरांना समजावून सांगायला नको. वरचा मुकुट म्हणजे छत्र आहे. ढालीमागून डोकावणाऱ्या काड्यांकडेही भिंगातून पाहावे. काहींना गव्हाच्या ओंब्या आहेत, काहींना अफूची बोंडे. माळव्याचा गहू आणि माळव्याची अफू एका चिन्हावर एकत्र आल्यावर इंग्लंडकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

खरा निकाल मात्र खालच्या पट्टीवर लागतो. छायाचित्रात मला ‘मेशो लभ्या’ एवढीच अक्षरे लागली, पण तेवढी पुरेशी आहेत. होळकरांचे ब्रीद ‘प्राहोमेशो लभ्या श्रीः कर्तुः प्रारब्धात्’ असे आहे. ‘प्राहोमेशः’ या शब्दाशी लोक अडखळतात. तो ‘प्राह उमेशः’ असा सोडवला की उमापती सांगतो, असा अर्थ निघतो. शेवटच्या शब्दापाशी तर आपण मराठी माणसे हमखास फसतो. मराठीत प्रारब्ध म्हणजे नशीब, कपाळी लिहिलेले. त्यामुळे लक्ष्मी नशिबानेच मिळते, असा नेमका उलटा अर्थ मी स्वतः शाळेत असताना लावला होता आणि घरी मोठ्या ऐटीत सांगितलाही होता. संस्कृतात मात्र प्रारब्ध म्हणजे आरंभलेले. कर्त्याने हाती घेतलेल्या कामातून त्याला श्री लाभते, असे ते वचन आहे. ज्यांना पडताळून पाहायचे असेल त्यांनी लालबाग राजवाड्याच्या फाटकाशी जावे. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांच्या धर्तीवर विलायतेत घडवून आणलेल्या त्या लोखंडी फाटकांवर हेच चिन्ह आहे.

काळाबद्दल थोडे. आपल्याकडे राजाची ओळख शिक्क्यात, निशाणात आणि नाण्यात असे. ढाल मध्ये आणि प्राणी बाजूंना, ही मांडणी युरोपातली. 1 जानेवारी 1877 रोजी लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत दरबार भरवला, तेव्हा राजेरजवाड्यांना रेशमी निशाणे देण्यात आली. त्यांवरील चिन्हे रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधील मुलकी अधिकाऱ्याने आखली होती. इंदूरच्या गादीवर त्या वेळी दुसरे तुकोजीराव होते. पुढे 1948 साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले. बिल्ला या दोन सालांमधला धरावा. शेजारच्या संस्थानांशीही गल्लत होऊ नये: ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा नाग लगेच ओळखू येतो, आणि बडोद्याच्या नाण्यांवर तलवार व घोड्याचा खूर असतो.

उरतो प्रश्न बिल्ला कोणी वापरला याचा. आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत अशीच एक पितळी पाटी आहे. घरात तिला चपरास म्हणतात, आणि जो ती पट्ट्यावर लावी तो चपराशी. तिच्या पाठीला पट्टा ओवण्यासाठी डाख लावून बसवलेल्या दोन कड्या आहेत. पागोट्यावर लावायचा बिल्ला असेल तर मागे कडीऐवजी टाचणी किंवा तिची खूण सापडेल. म्हणून त्या वाचकांना विनंती की यापुढे बिल्ला चिंचेने घासू नये, कोरड्या मऊ ब्रशने पट्टीतली धूळ तेवढी काढावी, दिवा बाजूने धरून उरलेली अक्षरे वाचावीत आणि पाठीमागचे छायाचित्र आपल्याकडे पाठवावे. ते आपण छापल्यास बिल्ला पट्ट्याचा की पागोट्याचा, हे मी कळवीन.

आपला,
एक वाचक, इंदूर